जपानमधील स्त्रीशिक्षण आणि ख्रिस्ती शिक्षक

प्रश्न: मेइजी काळात (सम्राट मेइजी यांच्या राजवटीत, १८६८–१९१२) सरकारने शाळांचे जाळे उभारले असताना मुलींच्या माध्यमिक शिक्षणात ख्रिस्ती शाळा आघाडीवर कशा राहिल्या?

उत्तर १: सरकारचा भर प्राथमिक शिक्षणावर होता, त्यापुढची वाट मुलींसाठी बहुतांशी बंदच होती. ही पोकळी मिशनरी स्त्रियांनी भरली. अमेरिकन मिशनरी मेरी किडर यांनी १८७० मध्ये योकोहामात मिशनरी डॉक्टर हेपबर्न यांच्या दवाखान्यात वर्ग घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे फलक रस्त्यांवर उभे होते आणि ते १८७३ पर्यंत हटले नाहीत. त्या वर्गातूनच पुढे फेरिस ही मुलींची शिक्षणसंस्था वाढली. हे धैर्य मला विलक्षण वाटते.

उत्तर २: श्रेय केवळ परदेशी स्त्रियांना देणे अन्यायाचे होईल. वयाच्या सहाव्या वर्षी, १८७१ मध्ये, सरकारने अमेरिकेला पाठवलेल्या त्सुदा उमेको तिथेच ख्रिस्ती झाल्या, आणि परतल्यावर मुलींना केवळ संसारापुरते शिकवणे त्यांना पटेना, म्हणून १९०० मध्ये त्यांनी अवघ्या दहा विद्यार्थिनींसह इंग्रजीची स्वतंत्र शाळा काढली.

उत्तर ३: १८९९ च्या सरकारी आदेशाने मान्यताप्राप्त शाळांत धर्मशिक्षणाला मनाई झाली, हेही लक्षात घ्यावे. मान्यता की धर्मशिक्षण, असा पेच अनेक संस्थांपुढे पडला.