प्रतिसाद: 'शरेड'मधील वयाचे अंतर

'शरेड' (१९६३) या हॉलिवूडच्या रहस्यपटातला नायक कॅरी ग्रांट आणि नायिका ऑड्री हेपबर्न यांच्या वयातील अंतरामुळे त्यातला प्रणय खटकतो, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही, कारण ही अडचण सर्वांत आधी खुद्द ग्रांटलाच जाणवली होती. तो साठीला टेकलेला, ती जेमतेम तिशी ओलांडलेली. म्हणून त्याच्या आग्रहावरून पटकथाकार पीटर स्टोनने पाठलागाचा सारा पुढाकार नायिकेकडे सोपवला. ग्रांटच्या हनुवटीच्या खळीत बोट ठेवून, इथली दाढी करता तरी कशी, असे ती निरागसपणे विचारते, तेव्हा तो अवघडतो आणि आपण मनापासून हसतो. ज्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही हेच कळत नाही, त्याच्याच मागे ती लागल्यामुळे रहस्यही अधिक गडद होते, आणि मला तर ही या चित्रपटाची खरी करामत वाटते.