पासवर्ड कुठे ठेवता? (अनुभव धागा)

खोडरबर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं ॲप) वापरावा की नाही यावरून इतकं रणकंदन झालं की सेक्रेटरींनी "ओन्ली ॲडमिन" करून टाकलं. भांडणाऱ्यातल्या निम्म्यांनी ते कधी वापरलेलंच नाही. म्हणून इथे विचारते, तुमच्या घरात खरोखर काय चालतं ते लिहा. "ओटीपी कुणालाही देऊ नका" वाले एसएमएस बँक रोज पाठवते, ते नकोत. वही, ॲप, डोकं, कालनिर्णयचं मागचं पान, जे असेल ते सांगा. (पासवर्ड सांगू नका म्हणजे झालं.)

निवृत्त_खजिनदार
वही. मुलगा आयटीत आहे, घरी आला की त्या वहीकडे असा बघतो जणू मी कपाटात साप पाळलाय. अरे पण परदेशातला हॅकर माझ्या गोदरेजच्या कपाटापर्यंत पोचणार कसा? आणि घरफोड्या आला तर सोनं नेईल, वही कशाला नेतोय. शिवाय वहीत पासवर्ड पूर्ण नसतोच, शेवटी एक शब्द जोडायचा असतो तो फक्त मला आणि हिला माहीत. नोकरीत असताना दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती होती, तेव्हा अख्ख्या शाखेत पासवर्ड म्हणजे बायकोचं नाव आणि पुढे महिना, जानेवारीत ०१, फेब्रुवारीत ०२. कुणीही कुणाचंही मशीन उघडायचं. त्यापेक्षा वही बरी.

बिट_आणि_बटाटा
काका, ते मुदतीने बदलायचं खूळ आता सोडून द्या असंच सांगतात. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ च्या नियमावलीत लिहिलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा, उगाच नको, कारण लोक नेमकं तुमच्या शाखेसारखंच करतात.
वहीला माझा विरोध नाही पण वही एक काम करत नाही. मला वीजबिल थकल्याचा मेसेज आला, लिंक उघडली, पान अगदी हुबेहूब, लोगोबिगो सगळं, पण बिटवॉर्डनने (माझा पासवर्ड मॅनेजर, ओळखीच्या साईटवर पासवर्ड आपोआप पुढे करतो) पासवर्ड पुढे केलाच नाही. दोनदा रिफ्रेश केलं, वैतागलो, मग वर पत्ता बघितला तर एक अक्षर जास्त. माणूस पानाचा चेहरा बघतो, मॅनेजर फक्त पत्ता बघतो, म्हणून तो फसत नाही. वहीतून बघून टाईप केला असता तर गेलाच होता.
उलटंही होतं हां. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं, त्यानंतर माझ्या बँकेच्या खऱ्या साईटवरही मॅनेजर गप्प. तेव्हा नोंदीत नवा पत्ता घालावा लागला, आणि तो मेसेजमधल्या लिंकवरून उचलायचा नाही, पासबुकावर किंवा शाखेत बघून घालायचा.

उंबरठा
आणि मॅनेजरवाल्या कंपनीचंच फुटलं तर? सगळी अंडी एकाच टोपलीत ना मग.

सिएटलकर
फुटलंय की. लास्टपास या पासवर्ड मॅनेजरचं २०२२ चं प्रकरण. मी त्यांचा गिऱ्हाईक कधीच नव्हतो म्हणून तटस्थपणे सांगतो. आधी ऑगस्टमध्ये सोर्स कोड (ॲपचा मूळ प्रोग्रॅम) गेला, मग त्यांच्या एका इंजिनियरच्या घरच्या कॉम्प्युटरमधून शिरून गिऱ्हाइकांच्या तिजोऱ्यांचे (म्हणजे साठवलेल्या पासवर्डांचे) बॅकअप उचलले. तिजोऱ्यांमधले पासवर्ड एन्क्रिप्टेड (चावीशिवाय वाचता न येणारे) होते पण कुठल्या साईटवर खातं आहे ते पत्ते उघडे होते! म्हणजे चोराला कळलं कुणाची तिजोरी फोडण्यात फायदा आहे. ज्यांचा मास्टर पासवर्ड (तिजोरी उघडायचा एकच मुख्य पासवर्ड) लांबलचक त्यांना फारशी भीती नाही, ज्यांचा "पुणे@१२३" छाप त्यांची तिजोरी चोर निवांत घरी बसून फोडत बसू शकतो, तीन चुकीचे प्रयत्न झाले की लॉक वगैरे भानगड तिथे नसते.
मी स्वतः कीपासएक्ससी हा मॅनेजर वापरतो, सगळं एका फाईलीत, फाईल माझ्याकडे. पण बॅकअपची कटकटही माझ्याकडेच, आईबाबांना हे सांगणार नाही.

लुडोची_सोंगटी
मास्टर पासवर्डचं आमच्याकडे गंमतशीर झालं. डाइसवेअर नावाची १९९५ पासूनची पद्धत आहे, पाच फासे टाकायचे, जो आकडा येईल त्यासमोरचा शब्द घ्यायचा, यादीत ७,७७६ शब्द असतात कारण सहाचा पाचवा घात तेवढाच. लुडोचे फासे घेऊन पोरांनी आणि मी रविवारची दुपार घालवली, सहा शब्द निघाले, एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पोरांनी त्याची गोष्ट रचली आणि आता विसरूच शकत नाही. हे सांगते कारण आमच्या ऑफिसात बरेच जण अभंगाची ओळ नाहीतर गाण्याचा मुखडा ठेवतात. जे सगळ्यांना पाठ आहे ते चोराच्या यादीतही असणार ना. आणि देवनागरीत ठेवू नका, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कीबोर्ड सापडत नाही.

सेतूवाला
तुम्ही सगळे शहरातले बोलताय म्हणून लिहितो. माझं तालुक्याला महा-ई-सेवा केंद्र आहे. स्कॉलरशिपच्या सीझनला महाडीबीटीचे फॉर्म भरायला लाईन लागते. निम्म्या पोरांना पासवर्ड विचारला की म्हणतात "दादा मागच्या वर्षी तुम्हीच ठेवला होता ना". खरा घोळ पासवर्डचा नाहीच, घोळ मोबाईल नंबरचा आहे. बापाकडे साधा फोन, त्याचं सिम रिचार्ज नाही म्हणून बंद, मग कुठला तरी फॉर्म भरणारा स्वतःचाच नंबर आणि स्वतःच काढलेला ईमेल टाकून मोकळा होतो. उद्या पासवर्ड रिसेट करायचा तर ओटीपी जाणार त्याच्याकडे, म्हणजे खातं पोराच्या नावाचं पण चावी दुसऱ्याच्या खिशात. आता मी घरच्या चालू नंबरशिवाय फॉर्मच घेत नाही, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं तरी चालेल. पासवर्ड पोरालाच टाईप करायला लावतो, मी मान वळवतो, आणि पावतीच्या मागे त्याच्याच हाताने लिहून घेतो.

उंबरठा
हे मॅनेजरच्या कुठल्याच जाहिरातीत नसतं. धन्यवाद दादा.

मिरचीचा_ठेचा
आमच्या चुलत दिरांना लातूरला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, ओळखीच्याच नंबरवरून, फाईल होती एपीके (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवायची फाईल). पत्रिका कधी एपीके असते का, पण लग्नसराईत कोण बघतंय. ॲप बसलं, त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, यांनी दिली. झालं, आता पासवर्ड कितीही भारी असू द्या, ओटीपी थेट तिकडे. नशिबाने भाची घरात होती, तिने आधी फोनचं नेट बंद केलं आणि स्वतःच्या फोनवरून लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) कॉल लावला. थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडवून ठेवता आली, बाकीची पुढे सरकली होती. आणि ज्याच्या नंबरवरून पत्रिका आली त्या बिचाऱ्याचा फोनही असाच गेलेला.

वाडीतला_नारळ
आमच्याकडे वायफायचा पासवर्ड अख्ख्या वाडीला माहीत आहे, गणपतीत मुंबईकर येतात त्यांना पण. बाकी विषयात पास.

पाऊलवाट
जरा वेगळं लिहिते. बाबा गेले तेव्हा त्यांचं सगळं अगदी व्यवस्थित होतं, तेच अवघड गेलं. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, सगळे मॅनेजरमध्ये, फोनला बोटाचा ठसा. मास्टर पासवर्ड कुणालाच माहीत नाही. म्युच्युअल फंडांची स्टेटमेंट मेलवर यायची, त्यामुळे कुठे काय आहे हे शोधायलाच आम्हाला महिने लागले. बँकांत मृत्यूचा दाखला चालतो, एन्क्रिप्शनसमोर नाही चालत.
आता मी आणि नवऱ्याने मास्टर पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट सील करून एलआयसीच्या कागदांच्या फाईलीत ठेवलंय. गूगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, आपण ठरवू तितके महिने, कमीत कमी तीन, खातं वापरलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला कळवतात आणि आपण निवडलेला डेटा मिळतो. बिटवॉर्डनच्या पैसेवाल्या प्लॅनमध्ये इमर्जन्सी ॲक्सेस आहे, माझ्या बहिणीने मागणी केली आणि मी ठरलेल्या दिवसांत नकार दिला नाही तर तिला तिजोरी उघडते.
खजिनदार काका, तुमच्या वहीचं मला कौतुकच आहे. पण तो शेवटचा शब्द तुम्हा दोघांनाच माहीत, तो मुलाला कळायची सोय केली आहे का?

निवृत्त_खजिनदार
नाही केली. पाकीट आजच करतो. मुलगा म्हणतोय वहीऐवजी तेच बिटवॉर्डन घ्या, सध्याचे काही पासवर्ड क्रोममध्ये आहेत ते तिकडे कसे न्यायचे?

बिट_आणि_बटाटा
काका, क्रोमच्या पासवर्ड सेटिंगमधून एक्सपोर्ट केलं की सीएसव्ही फाईल येते, ती बिटवॉर्डनमध्ये इंपोर्ट करायची. त्या फाईलीत सगळे पासवर्ड उघडे असतात, त्यामुळे ती मेल करायची नाही, व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवायची नाही, काम झालं की डिलीट आणि रिसायकल बिनमधूनही. मग क्रोममधले जुने पुसा आणि सेव्ह करू का विचारणं बंद करा, नाहीतर दोन्हीकडे वेगवेगळे पासवर्ड साठत राहतात.