लॉगमध्ये प्रश्नचिन्हांऐवजी खऱ्या किमती कशा दिसतील?

प्रश्न : जावातील प्रिपेअर्ड स्टेटमेंटने (किमतींच्या, म्हणजे प्रत्यक्ष माहितीच्या, जागी प्रश्नचिन्हे ठेवून ती वेगळी पाठवणाऱ्या विधानाने) चालवलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदींत) केवळ प्रश्नचिन्हांसह उमटते, त्यामुळे ती पुन्हा चालवून तपासता येत नाही. यावर सुरक्षित मार्ग कोणता?

उत्तर १ : पी६स्पाय हे क्वेरी नोंदवणारे साधन मूळ ड्रायव्हरभोवती (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाभोवती) बसवल्यास क्वेरींचा कोड न बदलता किमती भरलेले विधान मिळते. मात्र ते केवळ वाचण्यासाठी जुळवलेले असते. अशी जोडलेली स्ट्रिंग कोडमधून थेट चालवल्यास एसक्यूएल इंजेक्शनचे (बाहेरून आलेल्या मजकुरातून डेटाबेसला घातक आज्ञा देण्याच्या हल्ल्याचे) दार पुन्हा उघडते, म्हणून तसे कृपया कधीही करू नये.

उत्तर २ : लॉगमध्ये उमटणाऱ्या किमतींतील पासवर्ड आणि आधार क्रमांक झाकणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १३व्या आवृत्तीपासून सर्व्हरच्या लॉगमध्ये किमती किती लांबीपर्यंत नोंदवाव्यात हे ठरवता येते. मर्यादा शून्य ठेवल्यास त्या नोंदवल्याच जात नाहीत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पी६स्पाय केवळ चाचणी सर्व्हरवर बसवतो.