ग्रीक-इराणी वैर सुरू कुठून झालं?

परळकर: फोर्टातल्या माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी पंखवाले बैल पाहून लेकीने विचारलं, "बाबा, हे इराणी ग्रीकांशी का लढले?" मॅरेथॉनच्या लढाईच्या आधीचं मला नीट सांगता येईना. कुणी सांगेल?

गिरगावची मावशी: मॅरेथॉन फार पुढचं हो. मूळ आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर. तिथली ग्रीक शहरं शेजारच्या लिडिया राज्याच्या राजा क्रीससच्या ताब्यात होती, इ.स.पू. ५४६च्या सुमारास इराणचा राजा सायरसने लिडिया घेतलं, तीही गेली. इराण्यांनी मर्जीतले हुकूमशहा बसवले. त्यातल्याच मिलेटस शहराचा अरिस्टागोरस हा असाच एक. इराणी आरमार घेऊन नॅक्सोस बेटावर गेला, मोहीम फसली, आता गादी जाणार म्हणताच ४९९ मध्ये त्यानेच बंड उभारलं! मला अजून संताप येतो त्याचा. याने कातडी वाचवायला पाहिली आणि ४९४ मध्ये मिलेटसच्या बायकापोरांना गुलाम व्हावं लागलं.

दादरकर: मावशी, अथेन्स राहिलंच. त्यांनी बंडवाल्यांच्या मदतीला २० जहाजं पाठवली, इरेट्रिया या दुसऱ्या ग्रीक शहराने ५. लिडियाची जुनी राजधानी सार्डिस, जिथे आता इराणी सुभेदार बसायचा, ते जळलं, देवीचं देऊळही. त्याआधी अथेन्सच्या दूतांनी तिथेच माती-पाणी देऊन मांडलिकी कबूल केली होती, म्हणजे तेव्हाचा इराणी राजा दरायस याच्या लेखी ही सरळ गद्दारी.

परळकर: देऊळ जाळलं? आज रात्री हेच सांगतो तिला.