फार्मसीच्या पोरांमध्ये लीडरशिप येते कशी?

प्रश्न (बी फार्म, तिसरं वर्ष): 25 सप्टेंबरला फार्मसिस्ट डे आहे आणि सरांनी मला कोऑर्डिनेटर केलंय. दरवर्षी रॅली निघते, बॅनर धरून फोटो काढतात, झालं. मला यंदा खरंच काहीतरी करायचंय पण चाळीस जणांना कामाला लावायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. पहिल्या सेमला कम्युनिकेशन स्किल्स होतं, ते पाठ करून पास झाले. हे शिकता येतं का अंगातच असावं लागतं?

मेडिकलवाला, 14 वर्षं: शिकता येतं ताई. माझ्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना मी एकेक काम पूर्ण सोपवतो, म्हणजे एच1 चं रजिस्टर (काही अँटिबायोटिक, टीबीच्या, झोपेच्या औषधांच्या विक्रीची नोंदवही) एकाचंच, डॉक्टर, पेशंट, औषध, नग सगळं त्यानेच लिहायचं, तीन वर्षं जपावं लागतं ते. एका पोराला लहान बाळाच्या चिठ्ठीतला डोस पटेना, म्हणाला सर तुम्ही डॉक्टरांना फोन लावा, म्हटलं चूक तुला दिसली तर तूच लाव. हात थरथरत होता त्याचा, पण नीट बोलला, "मॅडम, वजन बारा किलो आहे, डोस जास्त वाटतोय, एकदा बघता का?" मॅडमनी लगेच बदलून दिला. दुसऱ्या दिवसापासून बाकीची पोरं त्यालाच विचारायला लागली.

हॉस्पिटल फार्मसिस्ट: +1. आणि रॅलीऐवजी ओपीडीबाहेर इनहेलरचं टेबल लाव. आमच्याकडे एक आजी रोटाकॅप (मशीनमध्ये घालून श्वासाने ओढायची दम्याची कॅप्सूल) पाण्याबरोबर गिळायच्या, दोन महिने! दम कमी होईना म्हणून परत आल्या तेव्हा कळलं, मशीन पिशवीत तसंच कोरं. त्यांना कुणी करून दाखवलंच नव्हतं गं. चाळीस जणांना तू एकटीने हाकू नकोस, चार-चारचे गट कर, प्रत्येक गटात एक फर्स्ट इयरचा घे आणि पेशंटशी त्यालाच बोलू दे, सिनियरने फक्त बाजूला उभं राहायचं. दाखवून झालं की पेशंटकडून परत करून घ्यायचं, हे विसरू नका.

प्रश्नकर्ती: आजींचं वाचून पोटात कालवलं. हेच करणार. सिव्हिलमध्ये परवानगी कुणाकडे मागायची?

हॉस्पिटल फार्मसिस्ट: जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने अर्ज, कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांची सही. आणि तो घेऊन तू स्वतः जा, सरांना पाठवू नकोस.