मदत हवी आहे: कोंबडीच्या भ्रूणात यूजीए रिपोर्टर जवळजवळ गप्प

अंडी नवापूरकडची, फलित. इन्क्युबेटर ३७.५ अंश. ल्युसिफरेजमधल्या (प्रकाश देणारं एन्झाइम) एका सिस्टीनच्या जागी यूजीए घातलाय, पुढे ३′ यूटीआरमध्ये (एमआरएनएचं प्रथिनात न उतरणारं शेपूट) जीपीएक्स४ या सेलेनियमवाल्या प्रथिनाचा सेसिस. यूजीए एरवी थांब्याचा कोडॉन; सेसिस हा आरएनएचा वळसा असला की तो सेलेनोसिस्टीन (सेलेनियमवालं अमिनो आम्ल) म्हणून वाचला जातो. तसं झालं तरच ल्युसिफरेज पूर्ण बनतं. इलेक्ट्रोपोरेशनने (विजेच्या झटक्याने डीएनए आत) न्यूरल ट्यूबमध्ये (मेंदू-मज्जारज्जूची सुरुवातीची नळी), डीएनए आत गेला का ते दिसावं म्हणून सोबत हिरवं चमकणारं प्रथिन जीएफपी. जीएफपी छान चमकते, पण ल्युसिफरेज यूएए कंट्रोलच्या (तिथे नुसता थांबा) जेमतेम वर. सिस्टीनवाला कंट्रोल भरभरून येतो, म्हणजे प्रमोटर आणि सबस्ट्रेट ठीक. सेसिसची दिशाही सिक्वेन्सिंगने तपासून झाली.

संशय दोन. एक, प्लाझ्मिड जास्त पडल्याने एसबीपी२ (सेसिसला चिकटणारं प्रथिन) आणि सेलेनोसिस्टीनचा टीआरएनए अपुरे पडत असावेत. त्यासाठी डीएनए २ वरून ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर करून बघतोय. दुसरा, कोंबड्यांच्या खाद्यातच सेलेनियम कमी, म्हणून बलकातही कमी. तसं असेल तर जीपीएक्स१ या दुसऱ्या सेलेनियमवाल्या प्रथिनाचा एमआरएनए घसरलेला दिसेल. जीपीएक्स४चा सहसा टिकून राहतो, त्यामुळे एकट्या त्याच्या क्यूपीसीआरवर (एमआरएनए मोजण्याची चाचणी) भरवसा नको.

आता प्रश्न. पेशींच्या कल्चरला सोडियम सेलेनाइट ५०-१०० नॅनोमोलर पुरतं, पण अंड्यात कुणी दिलंय का? किती, आणि हवेच्या कप्प्यातून की बलकात? जरा जास्त झालं की चोच-डोळे वाकडे होतात, मग सिग्नल कशाचा म्हणायचा!

आणखी एक: आपल्याकडच्या मे महिन्यात अंडी वाटेतच वाढायला लागतात. म्हणून तास मोजू नका, हॅम्बर्गर-हॅमिल्टन स्टेज (भ्रूणाच्या रूपावरून ठरणारा वाढीचा टप्पा) लिहा. जळगाव-धुळ्यात बलकातलं सेलेनियम आयसीपी-एमएसवर (अत्यल्प मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) कुठे मोजून मिळेल?