मदत हवी आहे: रात्री डोंगरात पाऊस कोसळला तर खालच्या वस्तीला वेळेत कसं उठवायचं?

नमस्कार मंडळी,

चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या डोंगराखाली नाल्याकाठी आमची अकरा घरांची वस्ती आहे. ३० ऑगस्ट २०२१ ची रात्र इकडे कोणीच विसरलेलं नाही. कन्नड घाटात दरडी आल्या, डोंगरी आणि तितूर नद्या एकदमच फुगल्या, चाळीसगाव शहरात पाणी शिरलं. आम्ही झोपेत होतो. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की नाल्याचा आवाज आलाच नाही. वासराचं हंबरणं वेगळं वाटलं म्हणून आबा उठले, तर खाटेखाली घोट्यापर्यंत पाणी. गोठ्यात दाव्याची गाठ भिजून अशी आवळली होती की सुटता सुटेना. शेवटी अंधारात विळा चाचपून दावं कापलं. गाय वाचली, दोन शेळ्या गेल्या.

आता परतीच्या पावसाचे दिवस. संध्याकाळी ढग भरतात आणि रात्री डोंगरावर कडकडाट सुरू होतो. माझी खरी अडचण इशाऱ्याची आहे. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट अख्ख्या जळगाव जिल्ह्याला असतो, त्यात पार दुसऱ्या टोकाचं चोपडाही आलं आणि आम्हीही. त्यात घाटमाथा पडतो छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणून मी दोन्ही जिल्ह्यांचे इशारे बघतो. दर तीन तासांचा तात्काळ अंदाज त्यातल्या त्यात कामाचा. 'दामिनी' ॲप वीज कुठे पडतेय ते सांगतं, पण नाल्याला किती पाणी येणार ते त्याला कसं कळणार? आणि २४ तासांत ११५ मिमी म्हटलं तरी ते दिवसभर झिरपत पडलं की दोन तासांत ओतलं, यावरच आमचं सगळं अवलंबून. एक चौरस किलोमीटरवर एक मिमी म्हणजे दहा लाख लिटर पाणी. उघड्या कातळावरून ते थांबतंय कुठे!

वरच्या पाड्यावरच्या ओळखीच्या भाऊंशी ठरवलंय, पाऊस वाढला की फोन करायचा. पण लाईट गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो.

म्हणून डोक्यात एक जुगाड आहे. दीड-दोन किलोमीटर वर एक फरशी पूल आहे. तिथे पाण्याच्या टाकीचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून चालू होणारा) लावायचा आणि फवारणी पंपाच्या बॅटरीवर भोंगा. पाणी सेकंदाला दोन-तीन मीटर धावलं, तर दहा-पंधरा मिनिटं हाताशी राहतात. म्हातारी माणसं आणि पोरं उंचावरच्या मारुतीच्या पारापर्यंत पोहोचतील एवढा वेळ. पण भोंगा वाऱ्यापावसात इतक्या लांब ऐकू येईल का? आणि पुरात पऱ्हाट्या वाहून येतात, त्यात फ्लोट अडकला तर? पाईपात बसवला तर गाळ भरेल का?

कोणी असं काही बसवलं असेल तर फ्लोट किती उंचीवर लावला ते सांगा, फोटो टाकला तर फारच बरं. आणि गुरं बांधायला ओढली की लगेच सुटणारी, पण गायीला स्वतः न सोडवता येणारी गाठ कोणती? हे आधी सांगितलं तरी चालेल, दावी आज रात्रीच बदलतो.